शोभेचे भोपळे आणि तुंबे: तोडणी, सुकवण आणि मांडणी

शरद ऋतूतल्या सजावटीत मांडलेला भोपळा पंधरा दिवसांत खाली बसला, तर दोष बहुधा मांडणाऱ्याच्या माथी मारला जातो. खरे तर फळ किती टिकणार हे वेलावरून सुटते त्याच दिवशी बरेचसे ठरलेले असते. देठ किती वाळला होता, साल किती कडक झाली होती आणि तोडताना फळ कुठे खरचटले, या तीन गोष्टींचा हिशेब नंतर कोणतेही मेण किंवा वार्निश भरून काढत नाही. म्हणून हा सल्ला तोडणीपासून सुरू होतो.

आधी कूळ ओळखा

शोभेची म्हणून ओळखली जाणारी फळे एका जातीची नाहीत, आणि सगळ्यांना एकच वागणूक दिली की नुकसान होते. कूळ ओळखण्याची सोपी जागा म्हणजे देठ. कुकुर्बिटा पेपोचा देठ कडक, टोकदार कंगोऱ्यांचा आणि साधारण पाच धारांचा असतो. 'जॅक बी लिटल', 'बेबी बू', दहा शिंगांचा 'क्राउन ऑफ थॉर्न्स' आणि पट्ट्यापट्ट्यांची, चामखिळांची चिमुकली रंगीत फळे याच कुळातली. कुकुर्बिटा मोस्चाटाचा देठही कडक आणि कंगोऱ्यांचा असतो, पण फळाला चिकटतो तिथे तो पसरट होतो. चपटा, पिवळट तपकिरी 'लाँग आयलंड चीज' आणि खोल खाचांचा 'म्यूस्काद द प्रोवाँस' या गटात येतात.

कुकुर्बिटा मॅक्सिमाचा देठ गोल, जाड आणि बुचाच्या लाकडासारखा भुसभुशीत असतो. फेट्यासारखा दिसणारा 'टर्क्स टर्बन', निळसर राखाडी 'जॅराडेल', चपटा तांबडा 'रूज व्हीफ देताँप', शेंगदाणे चिकटवल्यासारखा दिसणारा 'गालू देझीन' हे सगळे मॅक्सिमा. हा देठ पाणी सर्वांत जास्त काळ धरून ठेवतो, त्यामुळे सडण्याची सुरुवात इथेच पहिली होते.

चौथे कूळ लॅजेनेरिया, म्हणजे आपला दुधी आणि त्याचे भाऊबंद: बाटलीसारखे, हंसाच्या मानेचे, पळीसारखे लांब दांड्याचे. कवच लाकडासारखे होऊन वर्षानुवर्षे टिकतात ते फक्त हे तुंबे. बाकीची फळे एका हंगामाची सोबत आहेत, हे विकत घेणाऱ्यालाही स्पष्ट सांगावे.

तोडणी

फळाचा रंग पूर्ण भरला, देठ हिरवा न राहता तपकिरी व बुचासारखा होऊ लागला आणि फळाजवळची तणावी वाळली, की फळ तयार समजावे. सालीत अंगठ्याचे नख रुतता कामा नये. मात्र ही परीक्षा प्रत्येक फळावर घेऊ नका. कच्च्या सालीवर उमटलेले नख ही जखमच असते. एका वेलावरच्या एखाद्या फळाला, तेही बुडाच्या बाजूला, नख लावून पाहिले तरी पुरते.

पांढऱ्या जातींना हा नियम थोडा वेगळा लागतो. 'लुमिना' किंवा 'बेबी बू' पक्व झाल्यावर उन्हात राहिले तर पांढरेपणा जाऊन पिवळट झाक येते. साल कडक झाली की ती लगेच तोडावीत, आणि तोवर फळांवर पानांची सावली टिकवावी. भुरी रोगाने पाने आधीच गळाली असतील तर पांढऱ्या फळांवर वाळके गवत टाकले तरी चालते. भुरीचा आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही: पाने लवकर गेली की देठ बारीक आणि कमकुवत राहतात, आणि देठाशिवायचा भोपळा सजावटीत कोणी घेत नाही.

दव उडाल्यावर, कोरड्या दिवशी तोडणी करावी. धारदार कात्रीने मोठ्या फळांना ८ ते १० सेंमी आणि लहान फळांना ३ ते ५ सेंमी देठ राखावा. पिळून किंवा ओढून फळ तोडू नये. देठाला धरून उचलूही नये. देठ फळाच्या मुळाशी किंचित जरी हलला, तरी तिथे डोळ्यांना न दिसणारी फट पडते आणि बुरशी त्या वाटेने शिरते. क्रेटमध्ये फळे एकावर एक टाकली तर एकाचा कडक देठ दुसऱ्याच्या सालीत घुसतो. पेपो आणि मोस्चाटाच्या बाबतीत हे नुकसान सर्वांत जास्त. थरांमध्ये गवत किंवा कागद घालावा.

रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की फळे शेतात ठेवू नयेत. थंडीची इजा त्या दिवशी दिसत नाही. आठ-पंधरा दिवसांनी सालीवर बारीक खळगे पडतात आणि त्यात काळी बुरशी धरते. हिमतुषार पडण्याआधी सगळे पेपो, मॅक्सिमा आणि मोस्चाटा घरात यायलाच हवेत. कवच पूर्ण पक्के झालेला तुंबा मात्र हलका हिमतुषार सोसतो. कच्चा तुंबा सोसत नाही.

धुणे आणि साल पक्की करणे

माती मऊ ब्रशने काढून १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी या द्रावणात फळ एक-दोन मिनिटे बुडवावे व लगेच पुसून कोरडे करावे. हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रावण मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पाणी फळापेक्षा थंड नसावे. उन्हात तापलेले फळ गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि देठाच्या कापातून पाणी, सोबत जंतूही, आत ओढले जातात. चामखिळांच्या फळांत पाणी खाचांत साठून राहते, म्हणून ती पुसून न थांबता वाऱ्यावर ठेवावीत.

यानंतर क्युअरिंग, म्हणजे उबेत ठेवून साल पक्की करणे. मोठ्या मॅक्सिमा आणि मोस्चाटा फळांना २६ ते २९ अंश तापमानात, ८० ते ८५ टक्के आर्द्रतेत सुमारे १० दिवस ठेवले की बारीक ओरखडे भरून येतात, साल आणखी टणक होते आणि देठ वाळतो. अशी खोली नसेल तर कोरड्या हवेत शेतातच आठवडाभर ठेवून रात्री झाकले तरी बराच फायदा मिळतो. पेपोच्या लहान रंगीत फळांना इतकी ऊब मानवत नाही, हिरवा रंग पिवळा पडू लागतो. त्यांना हवेशीर, अंधाऱ्या जागी कागदावर सुटी मांडून आठवडाभर सुकवणे चांगले.

पुढची साठवण १० ते १३ अंशांवर, ५० ते ७० टक्के आर्द्रतेत करावी. फळे फळीवर, एकाच थरात, एकमेकांना न टेकता ठेवावीत. सफरचंद किंवा नासपती त्याच खोलीत नको. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने हिरवे पट्टे फिके होतात आणि देठ लवकर सुटतो.

तुंबा सुकवताना

इथे संयम लागतो. ताज्या तुंब्यात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि ते कवचातून हळूहळूच बाहेर पडते. लहान फळाला दीड-दोन महिने, मोठ्या फळाला सहा महिनेही लागतात. पहिले आठ-दहा दिवस फळ सावलीत, वाऱ्यावर ठेवून वरची साल सुकवावी. मग जाळीच्या फळीवर ठेवावे किंवा देठाला सैल दोरी बांधून टांगावे, आणि आठवड्यातून एकदा बाजू बदलावी.

या काळात फळावर बुरशी येणारच. पांढरी, राखाडी, काळी, कधी केसाळ. ती बघून फळ फेकून देऊ नका. बोटाने दाबल्यावर कवच टणक लागत असेल तर बुरशी फक्त वरच्या पातळ सालीवर आहे, कोरड्या फडक्याने पुसून टाका. फळ मऊ लागले, सुरकुतले किंवा पाणी गळू लागले, तर ते ताबडतोब दूर न्यावे. असे फळ बहुधा कच्चे तोडलेले असते: कवचात लाकूडपणा उतरलेलाच नसतो, त्यामुळे पाणी जाताना ते आत कोसळते.

लवकर सुकावे म्हणून भोके पाडणे, भट्टीजवळ ठेवणे किंवा कडक उन्हात टाकणे या तिन्ही चुका आहेत. भोकातून सड शिरते. उष्णतेने बाहेरचा भाग आतल्या भागाच्या आधी आकसतो आणि कवच तडकते. फळ तपकिरी झाले, हातात हलके लागले आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या की सुकणे पूर्ण झाले. क्वचित बिया गराला चिकटून राहतात आणि आवाज येत नाही. अशा वेळी वजनावर विश्वास ठेवा.

सुकलेला तुंबा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवावा, मग बोथट सुरी आणि तांब्याच्या तारेच्या घासणीने वरची पातळ साल काढावी. दोन दिवस वाळवून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले की कवच गुळगुळीत होते. बुरशीने उमटवलेले काळसर ढग लाकडाच्या नक्षीसारखे दिसतात. ते राखावेत, रंगाने झाकू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यावर लाकडाचे पॉलिश किंवा वार्निशचे दोन पातळ हात पुरतात. तुंबा कापताना व आतला गर खरवडताना एन-९५ मास्क घालणे अत्यावश्यक. ती धूळ बुरशीच्या बीजाणूंनी भरलेली असते आणि छातीला त्रास देते.

ताज्या फळावर मात्र वार्निश लावू नये. आतला ओलावा कोंडतो आणि फळ आतून सडते. चमक हवीच असेल तर मऊ फडक्याने मेणाचा अगदी पातळ हात द्यावा.

मांडणी

न कापलेला, नीट पक्व केलेला भोपळा थंड, सावलीच्या जागी दोन ते तीन महिने राहतो. कोरलेला तीन ते सात दिवस. दोन्हींतला फरक फक्त अखंड सालीचा आहे. त्यामुळे अनोख्या आकाराची फळे कोरूच नयेत, त्यांची सालच त्यांची कारागिरी असते. कोरायचेच असेल तर साधा गोल भोपळा घ्यावा आणि आत मेणबत्तीऐवजी एलईडी दिवा ठेवावा, ज्योतीच्या उष्णतेने गर शिजतो.

सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर फळ थेट ठेवले तर बुडाखाली ओल साठते, आणि सड तिथेच, नजरेआड सुरू होते. खाली लाकडी फळी, वेताची चटई किंवा गवताचा जाड थर द्यावा. घरातल्या लाकडी सामानावर मांडताना ताटली हवीच, कारण एका रात्रीत फुटलेले फळ लाकडावर कायमचा डाग पाडते. पाऊस, थेट ऊन आणि खोली गरम करणाऱ्या उपकरणाची झळ टाळावी.

एकावर एक रचायचे असेल तर चपटे प्रकार निवडावेत: खाली ३५ ते ४० सेंमी रुंदीचा 'रूज व्हीफ देताँप', मध्ये २५ ते ३० सेंमीचा 'जॅराडेल', वर १५ ते २० सेंमीचा पांढरा. खालच्या दोघांचे देठ आखूड करावे लागतात, पण ते सालीच्या पातळीला कापू नयेत. एक-दोन सेंमी ठेवून, कापलेली जागा दोन दिवस वाळू द्यावी आणि दोन फळांच्या मध्ये गवताची किंवा दोरीची चुंबळ ठेवावी. चुंबळीमुळे फळ घसरत नाही आणि मधून हवा खेळते. खिळा किंवा काठी आरपार घालून रचना पक्की करण्याचा मोह टाळा.

रोपे लावायची असतील तर भोपळा पोखरण्याची गरज नाही. चपट्या फळाच्या माथ्यावर शेवाळाचा दोन सेंमी जाड थर गोंदाने चिकटवून त्यात सक्युलंटचे (जाड, रसाळ पानांच्या रोपांचे) शेंडे बसवावेत आणि आठवड्यातून एकदा शेवाळावर हलका फवारा द्यावा. शेंडे शेवाळातच मुळे धरतात आणि फळ उतरले की उचलून कुंडीत लावता येतात.

दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक फळाचे बूड व देठाभोवतीची जागा दाबून पाहावी. एक मऊ फळ शेजारच्या दोघांना नेते.

कडू फळांचा धोका

शोभेची पेपो फळे खाण्यासाठी नाहीत. त्यांतल्या अनेकांत कुकुर्बिटासिन हे कडू विष असते, ते शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या व तीव्र जुलाब होतात. २०१५ साली जर्मनीत बागेतल्या कडू झुकिनीने एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. झुकिनीही पेपोच आहे. शेजारी शोभेची पेपो असतील तर मधमाश्या परागांची अदलाबदल करतात. त्या वर्षीच्या झुकिनीची चव बदलत नाही, पण तिचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर फळे कडू निघू शकतात. म्हणून शोभेचे पेपो लावलेल्या शेतात खाण्याच्या पेपोचे घरचे बी धरू नये. कोणतेही फळ शिजवण्याआधी कच्चा कण जिभेला लावावा. कडू लागला तर थुंकून फळ टाकून द्यावे.

पुढच्या लागवडीसाठी

तुंब्यांना बी पेरल्यापासून ११० ते १४० दिवस हवेत, लहान पेपोंना ९० ते ११०. तुंब्याचे बी रात्रभर भिजवून, माती २० अंशांच्या आसपास तापल्यावर अडीच सेंमी खोल लावावे. मुख्य वेल तीन मीटर झाली की शेंडा खुडावा, कारण तुंब्याची मादी फुले मुख्यतः बगलफुटींवर येतात. ही पांढरी फुले संध्याकाळी उमलतात तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. फळधारणा कमी असेल तर नर फूल तोडून त्याच वेळी हाताने परागण करावे. सरळ मान हवी असेल तर वेल दोन मीटर उंचीच्या मांडवावर चढवून फळ लोंबू द्यावे, वाकडी हंसाची मान हवी असेल तर जमिनीवर. फळे भरू लागल्यावर नत्र बंद करावे. उशिरा दिलेल्या नत्राने वेल माजते आणि साल कच्ची राहते.

फळावर अक्षरे किंवा नक्षी उमटवता येते: साल अजून कोवळी असताना, कोरड्या दिवशी, बोथट खिळ्याने फक्त वरचा पापुद्रा ओरखडावा. फळ मोठे होते तशी ती रेघ भरून येऊन उंचवट्यासारखी, बुचाच्या रंगाची दिसते. पाऊस येणार असेल तर त्या दिवशी हे काम करू नये.

सजावट उतरवल्यावर रंग किंवा वार्निश लावलेली फळे खतात टाकू नयेत, आणि शोभेची कडू फळे जनावरांपुढेही नकोत. बाकीची फळे फोडून, बिया वेगळ्या काढून मगच कंपोस्ट खड्ड्यात घालावीत. तिथे आपोआप उगवलेला वेल कोणत्या संकराचा आहे हे पाहून कळत नाही. त्याला फूल येण्याआधीच उपटावे.