माळ्यावरची जुनी खेळणी: शोधायची कशी, आणि सापडल्यावर वाट कशी लावायची नाही

आमच्या वाडीत बंद घरं ढीगभर. माणसं मुंबईला, कुलूप गंजलेलं आणि माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका. मिलमध्ये कामाला असलेले काका-आजोबा गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी यायचे तेव्हा पोरांसाठी काहीतरी आणायचेच, चावीचं माकड, पत्र्याची आगगाडी, छोट्या मोटारी. पोरं मोठी झाली, खेळणी माळ्यावर गेली, विषय संपला. मी तीच शोधत फिरतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा, बंद घर म्हणजे बेवारस घर नव्हे. उताऱ्यावर सात-आठ नावं असतात, एक बोरिवलीला एक बडोद्याला, आणि तुम्ही एकाला विचारून वस्तू उचललीत की बाकीच्यांना त्याच रात्री कळतं आणि मग गणपतीत आरतीला पण लोक तोंड फिरवून उभे राहतात. म्हणून विचारायचं गणपतीत, सगळे घरात असताना, चहा घेता घेता. आणि माळा उपसायचा मे महिन्यात, मिरगाच्या आधी, सगळं कोरडं असतं तेव्हा. बॅटरी आणि काठी बरोबर हवीच, हात घालण्याआधी काठीने ढोसून बघा, विंचू तर असतातच, फुरसं (छोटा पण विषारी साप) पण निघू शकतं, मस्करी नाही. फळी कुजलेली असली तर वर चढूच नका.

विचारताना 'अँटिक' हा शब्द अजिबात काढू नका, लगेच सगळ्यांना वाटतं लाखाची वस्तू आहे. सरळ सांगा की मला जुन्या खेळण्यांचा नाद आहे. आमच्या शेजारची आजी म्हणाली, "ता भंगार कित्याक व्हया रे तुका?" आणि वर आपणच शिडी धरून उभी राहिली. वस्तू खरंच किमती निघाली तर तसं सांगायचं हां, आजीला फसवून कलेक्शन करण्यात काय मजा.

आता वस्तू किती जुनी ते कसं ओळखायचं. खोका असेल तर लॉटरी, कारण खोक्यावर किंमत आणि पत्ता असतो. किंमत आण्यात असेल तर शक्यतो 1957 च्या आधीचं, 'नये पैसे' असेल तर 1957 ते 64 मधलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचं, कारण पिनकोड आलाच त्या वर्षी, आणि नुसतं 'बॉम्बे 2' असं असेल तर बहुतेक त्याआधीचं. खोका नसेल तर वस्तू उलटी करा. छोट्या लोखंडी वाटणाऱ्या मोटारी (खरं तर जस्ताच्या ओतीव असतात) पोटाखाली 'मेड इन इंग्लंड बाय लेस्नी' लिहिलेल्या सापडतात, त्या मॅचबॉक्स ब्रँडच्या, ही सिरीज 1953 ला सुरू झाली आणि 1969 पासून बारीक आसावर जोरात पळणारी सुपरफास्ट चाकं आली. त्यामुळे जाड आसावरची साधी चाकं दिसली की आपण खूश. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असलेलं काही मिळालं तर ते युद्धानंतरच्या अमेरिकन ताब्यातल्या जपानचं, म्हणजे 1952 च्या पुढचं नाही. आणि ऐंशीच्या दशकातल्या पोरांनी फनस्कूलचे जी.आय. जो फेकू नका, आपल्याकडे निघालेले वेगळ्या रंगांचे सैनिक बाहेरदेशातले लोक शोधत असतात.

साफसफाईत सगळ्यात जास्त वस्तू मरतात. मी स्वतः मारलीय. सावंतवाडीचा लाखेचा भोवरा मिळाला, जुना, गडद लाल, वर काळ्या रेघा, मी शहाण्याने कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसला. कापूस लाल झाला आणि भोवरा चिकट. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे शाळेत शिकवलेलं नव्हतं. लाखेच्या वस्तूला कोरडं मऊ फडकं, बस. मोठं काही असेल तर सावंतवाडीत चितारआळीत जाऊन दाखवा, तिथे हे काम करणारी माणसं आहेत. गोल गंजिफे (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) सापडले तर मोजा, दशावतारी पूर्ण संच 120 पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकी बारा पानं. चार पानं कमी असली तरी जपा, पण ओलं फडकं लावू नका.

पत्र्याच्या खेळण्यावरचं चित्र छापलेलं असतं, घासलं की गेलं. गंज आहे तिथेच काडीने मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. चावी अडकली असेल तर जोर करू नका, तेल सोडून दोन दिवस विसरा. सेलच्या जागी पांढरी-हिरवी पूड असेल तर साध्या जुन्या सेलसाठी खायचा सोडा ओल्या काडीने, अल्कलाइनसाठी व्हिनेगर. आणि डांबराच्या गोळ्या प्लास्टिकबरोबर ठेवू नका, प्लास्टिक मऊ पडतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा बंद करा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत चार महिने पाऊस म्हणजे पुड्या मध्ये बदलाव्या लागतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, लहान पोरांच्या हातात देऊ नका, ती आधी तोंडात घालतात.

त्याच आजीच्या माळ्यावर जत्रेतली पत्र्याची बोट मिळाली, मेणबत्तीवर टुकटुक चालणारी. बुडाला बारीक भोक होतं, पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून डाग देऊन आणला. मग परातीत पाणी घेतलं, बोटीच्या दोन्ही नळ्यांत पाणी भरलं (हे विसरलात तर बोट चालत नाही, नुसती तापते), आत मेणबत्तीचा तुकडा पेटवून ठेवला. आतल्या पाण्याची वाफ होते, ती पाणी मागे ढकलते, थंड झाली की पाणी परत आत ओढलं जातं. मिनिटभर काहीच नाही, मग टुक... टुक टुक टुक आणि बोट परातीच्या कडेकडेने फिरायला लागली. आजी लसूण सोलत होती, सोलायची थांबली. म्हणाली, ही माझ्या भावाची, आणि बोट परत मागितली. दिली.