आणि बाळ काय करत होतं?

तान्ह्या बाळांच्या घरी जाऊन आई-बाळाची विचारपूस करण्याच्या, म्हणजे गृहभेटींच्या कामाला लागले तेव्हाची माझी एक नोंद : 'आई बाळाशी बोलत नाही, चेहरा कोरा.' मार्गदर्शक बाईंनी ती वाचून विचारलं, "आणि बाळ काय करत होतं?" मला सांगता येईना. तासभर मी आईच्या उणिवा टिपत बसले होते.

पुढच्या भेटीत नीट पाहिलं. बाळ आईकडे बघून हसायचं, हात हलवायचं, थांबायचं, मग मान फिरवून घ्यायचं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आई थोडा वेळ मुद्दाम चेहरा निश्चल ठेवते, तेव्हा बाळं असंच करतात. परीक्षेत यावर मी पानभर लिहिलं होतं, पण समोर घडताना ओळखलं नाही. त्या आईला बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं. तिला माया नव्हती असं नाही, तिच्यात त्राण नव्हतं. तिला उपदेशाची नाही, उपचारांची गरज होती.

या कामात नव्याने येत असाल, तर आई-मुलातल्या जिव्हाळ्याच्या बंधाचा अभ्यास करणारे जॉन बोल्बी, मेरी एन्सवर्थ वाचाच. एन्सवर्थ यांच्या प्रयोगात साधारण वर्षाचं मूल आई बाहेर गेल्यावर किती रडतं, यापेक्षा ती परतल्यावर तिच्याकडे कसं येतं, शांत कसं होतं, हे जास्त बोलकं असतं. घरातही तेच शोधा : बिनसल्यावर दोघं पुन्हा जुळतात का?

भेटी गरोदरपणातच सुरू झालेल्या बऱ्या. अमेरिकन संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकात परिचारिकांच्या भेटी तशाच आखल्या होत्या; पंधरा वर्षांनंतरच्या पाहणीत त्या कुटुंबांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी कमी आढळल्या. शिवाय रडण्याबद्दल आधीच बोलता येतं. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळांचं रडणं सर्वात वाढतं, आणि थकलेल्या हातांनी बाळाला गदागदा हलवलं जाण्याचा धोकाही त्या सुमारास वाढतो. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी स्पष्ट सांगते : सहन होईना तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, काही मिनिटं बाहेर जा, कुणाला तरी फोन करा. बापालाही हे समोर बसवून सांगते.

आणि अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला, तर पालक कितीही प्रेमळ वाटोत, बाळाची त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी. पहिल्यांदा असा डाग दिसला तेव्हा, महिनोन्महिने जोडलेला विश्वास तुटेल या भीतीने मी दारातच घुटमळले होते. मग पायऱ्या उतरतानाच बाईंना फोन लावला.