मेजर-मायनर वेगवेगळे पाठ करत बसू नका, आधी सा कुठेय ते बघा

गिटार शिकायला लागलो तेव्हा मी एक वही केली होती, पहिल्या पानावर सी मेजर हे स्केल (सा पासून चढत जाणारी सात स्वरांची ठरलेली ओळ, सी, ए ही स्वरांची इंग्रजी नावं), पुढच्या पानावर ए मायनर, मग जी मेजर, मग ई मायनर, असं करत बारा मेजर आणि बारा मायनर मिळून २४ पानं भरायची होती आणि सगळी घोकायची होती. सात-आठ पानांत दम निघाला, वही गेली माळ्यावर. आणि गंमत म्हणजे पहिल्या दोन पानांवर तेच सात स्वर लिहिलेत हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण एक पान सी पासून सुरू होत होतं आणि दुसरं ए पासून.

सी डी ई एफ जी ए बी. आणि ए बी सी डी ई एफ जी. बघा परत एकदा. घरात पेटी असेल तर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, काळीला हातच लावायचा नाही. पांढरी एकला सा धरून वर गेलात की बिलावल थाट, म्हंजे सगळे स्वर शुद्ध, पांढरी सहाला सा धरून वर गेलात की आसावरी थाट (ग, ध, नी कोमल, म्हंजे शुद्धपेक्षा अर्धा स्वर खाली). स्वर तेच ठेवून सा सरकवायचा याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात, आणि गिटारवाले ज्याला सी मेजरचा रिलेटिव्ह मायनर म्हणतात तो म्हंजे याच मूर्च्छनेचं एक उदाहरण. शास्त्रीय शिकलेल्यांना हे सांगावंही लागत नाही, आपण मात्र डायग्राम बघून शिकतो त्यामुळे कानाकडे लक्ष जायला वेळ लागतो.

म्हणून डायग्रामच्या आधी हे करून बघा. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला हवी, बस. तिसरी आणि चौथी तार (बारीक तारेपासून मोजून) मोकळी, म्हंजे न दाबता, छेडा, म्हंजे जी आणि डी, जी ला सा धरला तर हे झाले सा आणि प, तयार तानपुरा. ते घुमत असताना सगळ्यात बारीक तारेवर ३, ५, ७, ८, १०, १२, १४, १५ हे फ्रेट (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांमधले खण) सावकाश वाजवत जा, हा जी मेजर. अकूस्टिकवर वरपर्यंत बोट पोचत नसेल तर १२ वरून परत फिरा, काही बिघडत नाही. आता थांबा, तिसरी-चौथी तार हाताने बंद करा आणि सगळ्यात जाड तार मोकळी वाजवा, ती ई आहे, जमलं तर सोबत दुसरी तारही मोकळी, ती बी म्हंजे ई चा प. आणि बारीक तारेवर तेच फ्रेट, फक्त आता मोकळ्या तारेपासून सुरू करून, ०, २, ३, ५, ७, ८, १०, १२. हा ई मायनर. एकही नवीन फ्रेट नाही आलाय, मोकळी तार म्हंजे १२ व्या फ्रेटचाच खालचा ई आणि दुसरा फ्रेट म्हंजे १४ व्याचाच खालचा एफ शार्प (एफ च्या एक फ्रेट वरचा). तरी मगाशी जे मोकळं-मोकळं, सकाळचं वाटत होतं ते आता एकदम गंभीर झालं ना?

हे का होतं ते फ्रेट मोजले की कळतं. जी पासून त्याचा ग म्हंजे बी, तिसऱ्या फ्रेटवरून सातव्यावर, चार फ्रेट लांब, म्हणून तो शुद्ध ग. ई पासून त्याचा ग म्हंजे जी, मोकळ्या तारेवरून तिसरा फ्रेट, तीनच लांब, म्हणून कोमल. म्हणजे मगाशी जो आपला सा होता तोच आता कोमल ग होऊन बसलाय. ध आणि नी चं पण तसंच, पण कानाला पहिला धक्का देतो तो ग.

आता शोधायचं कसं. मेजरच्या सा पासून त्याच तारेवर तीन फ्रेट मागे या, तिथे त्याच्या मायनरचा सा. जाड तारेवर सी आठव्या फ्रेटला, मागे आलात की पाचव्याला ए. जी तिसऱ्याला, मागे आलात की मोकळी तार ई. डी चा बी मायनर, एफ चा डी मायनर, ए चा एफ शार्प मायनर, सगळीकडे हेच, तक्ता पाठ करायची गरज नाही.

पाचव्या फ्रेटवरचा ए मायनर पेंटाटोनिकचा (पाचच स्वरांच्या स्केलचा) बॉक्स, म्हंजे हात न हलवता वाजणारा बोटांचा आकार, बहुतेकांना येतोच. जाड तारेवर ५-८, मग तीन तारांवर ५-७, मग शेवटच्या दोनवर परत ५-८. यातले स्वर ए सी डी ई जी. आणि सी मेजर पेंटाटोनिक म्हंजे भूप रागाचे स्वर, सी डी ई जी ए. तेच पाच! बॉक्स एकच, पण मायनर वाजवताना घर, म्हंजे सा, पहिल्या बोटाखाली असतं (जाड तार, पाचवा फ्रेट), मेजर वाजवताना करंगळीखाली (जाड तार, आठवा फ्रेट). मधला सी तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटला आणि मधला ए चौथ्या तारेच्या सातव्याला, हे दोन नीट बघून ठेवा, सोलो वाजवताना तिथेच उतरायचं असतं.

एक घोळ मात्र खूप जण करतात आणि मीही केलाय. ए मायनर आणि ए मेजर हे या अर्थाने नातेवाईक नाहीत, त्यांचा फक्त सा एक आहे, स्वर तीन वेगळे आहेत, सी एफ जी च्या जागी सी शार्प, एफ शार्प, जी शार्प. गाणं ए मेजरमध्ये असेल आणि तुम्ही पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स धरलात तर ब्लूजमध्ये एकवेळ खपून जाईल, भावगीतात लोक वळून बघतील. तोच बॉक्स तीन फ्रेट मागे, दुसऱ्या फ्रेटवर न्या, करंगळीखाली पाचव्या फ्रेटचा ए येतो आणि ए मेजर पेंटाटोनिक तयार.

कॉर्डमध्येही, म्हंजे एकत्र वाजवलेल्या स्वरांमध्येही, हे नातं दिसतं. सी कॉर्डमध्ये सी ई जी, ए मायनरमध्ये ए सी ई, दोन स्वर सारखेच, म्हणून तर मोकळ्या सी वरून ए मायनरला जाताना फक्त तिसरं बोट उचलून पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायचं, बाकी हात जागेवर.

मग गाणं सी मेजर की ए मायनर हे ओळखायचं कसं, कॉर्ड तर दोन्हीत त्याच येतात? गाणं मधेच बंद करा आणि गुणगुणत ओळ संपवा, जिथे येऊन बरं वाटतं तो सा. दुसरी खूण, ई मायनरच्या जागी ई मेजर येतोय का. आला तर गाणं बहुतेक ए मायनरचं, कारण त्यातला जी शार्प म्हंजे ए चा शुद्ध नी, तो सा कडे जोरात ओढतो. पूर्ण स्केलच तसं केलं की हार्मोनिक मायनर होतो, आणि किरवाणी राग ऐकला असेल तर हे स्वर तुमच्या ओळखीचेच आहेत.

सरावाला मोबाईलवर दोन मिनिटं सी, एफ, जी रेकॉर्ड करा, मग दोन मिनिटं ए मायनर, डी मायनर, ई मायनर. दोन्हीवर पाचव्या फ्रेटचाच बॉक्स, ओळ संपवायची जागा तेवढी बदला. हात सवयीने पहिल्या बोटावरच येऊन थांबतो, ते होणारच, मी तर नेकच्या कडेला आठव्या फ्रेटपाशी एक छोटं लाल स्टिकर लावलं होतं, आठवड्याने काढून टाकलं, डिंक अजून चिकटून आहे.