लॉनवरच्या लग्नात टेबलांवर फुलं ठेवणार असाल तर आधी खडी आणा

मागच्या मे महिन्यात मावसबहिणीच्या रिसेप्शनची 28 टेबलांची फुलं मी हौसेनं अंगावर घेतली, सोलापुरात विजापूर रोडला एका लॉनवर, आणि सात वाजता वळवाचा वारा सुटला तशा 19 बरण्या आडव्या. म्हणून हे लिहितेय.

कात्री, तार, टेप, बादल्या हे सांगायला नको.

खडी. बांधकामावरची बारीक खडी, धुऊन घ्या नाहीतर बरणीत गढूळ पाणी दिसतं. प्रत्येक बरणीत तळाला अर्धा-पाऊण किलो, म्हणजे 28 टेबलांना वीसेक किलो झाली, एवढी कशाला असं घरातला एक तरी म्हणणार, ऐकू नका. माझ्या बरण्या अॅक्रिलिकच्या होत्या, दिसायला काचेसारख्या आणि वजनाला फुग्यासारख्या. वारा आधी टेबलाच्या कपड्याखाली शिरला, साटीनचा कपडा टम्म फुगला, बरणी घसरत घसरत कडेला आली आणि मामांच्या ताटात, बासुंदीत निशिगंधाची दांडी! तेव्हा कपड्याला चारी बाजूंनी क्लिपा, आणि बरणीत खडी. क्लिपा लावल्या म्हणून खडी नको असं नाही, दोन्ही.

उंची एक फुटाच्या आत ठेवा, समोरच्याचं तोंड दिसायला पाहिजे, आणि उंच बरणी तर खडी असूनही डुलते.

आता फुलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर, त्यामुळं पिंटरेस्टवरचं हायड्रेंजिया विसरा, तासाभरात मान टाकतं. झेंडू, शेवंती बिनधास्त घ्या. बाजारातल्या झेंडूला दांडी नसते, पसरट पितळी भांड्यात पाण्यावर सोडा, ती भांडी मुळातच जड असतात (बघा, परत वजन). निशिगंध खालून वर उमलत जातो, तर खालची दोन-तीन फुलं उघडलेली दांडी घ्या, संध्याकाळी वास काय सुटतो! गुलाब-जरबेरा आदल्या दिवशीच आणा, दांडी तिरकी कापून रात्रभर बादलीत, घरातल्या सगळ्यात गार खोलीत. पाण्याखाली येणारी पानं काढायची, नाहीतर पाणी सडतं. जरबेऱ्याला मात्र चार बोटंच पाणी, दांडी लवकर कुजते त्याची.

फुलांच्या दांड्या खोचायचा हिरवा स्पंज वापरणार असाल तर पाण्यावर नुसता सोडा, आपोआप बुडतो. हातानं दाबला की आत हवा अडकते, वरून ओला आणि मधे कोरडा, आणि एकदा वाळला की परत पाणी धरत नाही.

पाणी आदल्या दिवशीच कॅनमध्ये भरून घ्या, आपल्या नळाला काय रोज पाणी येतंय थोडंच. लॉनवाला म्हणतो बोअर आहे की ओ, आणि ऐन वेळी मोटर चालू करणारा माणूस जेवायला गेलेला असतो.

छोटा हत्ती केला तर वरून झाका, उघड्या गाडीत गरम वाऱ्यानं पाकळ्या करपतात. ओले टॉवेल टाका, सोलापुरात जुन्या टॉवेलांना काय तोटा.

लॉनवर पाचच्या आधी मांडू नका, ऊन असतं. आधी कपडा, क्लिपा, मग खडी, मग पाणी, मग फुलं. हाच क्रम, कारण फुलं लावल्यावर खडी ओतायला गेलात तर दांड्या मोडतात, आणि मग राहू दे आता म्हणून खडी राहते. माझी अशीच राहिली, पोतं गाडीतच होतं.

मोगऱ्याचे गजरे शेवटी, ओल्या फडक्यातून काढून. मेणबत्त्या नकोच, विझतात.

रात्री भाड्याची भांडी मोजून परत, स्पंज कचऱ्यात (तो कुजत नाही, झाडाखाली पुरू नका), फुलं ज्याला हवी त्याला. खडी गाळून पोत्यात भरा, धाकटीचं लग्न डिसेंबरात आहे.