ओल्या ऑक्टोबरात फीडरमधील कारळ्यांचा गोळा होणे : माझा अनुभव

ब्रिटनमधील ऑक्टोबरच्या रिपरिप पावसात आणि धुक्यात, गोल्डफिंच या छोट्या पक्ष्यांसाठी नळीच्या फीडरमध्ये (दाणे घालायच्या टांगत्या भांड्यात) भरलेले कारळे (आपण ज्यांची चटणी करतो तेच) तळाशी ओलावून त्यांचा घट्ट गोळा होई आणि ते बारीक खाचांतून बाहेर येत नसत. फीडर हलवणे, वरून ताजे दाणे ओतणे, भिंतीच्या आडोशाला टांगणे, सारे व्यर्थ गेले. पुरता वैताग आला.

शेवटी पुढील क्रम लागू पडला. प्रथम सर्व जुने दाणे काढून कचऱ्यात टाकले, कारण बुरशी लागलेले दाणे पक्ष्यांना अपायकारक असतात. मग हातमोजे घालून, अंगणातच, फीडर सुटा केला, साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासला, सौम्य जंतुनाशकाने धुतला आणि स्वच्छ पाण्याने विसळला. त्यानंतर तो पूर्ण कोरडा होऊ दिला. खरी मेख इथेच आहे, कारण आत उरलेला ओलावा नव्या दाण्यांनाही लगेच धरतो. सरतेशेवटी वर प्लास्टिकचे घुमटाकार छत बसवले आणि एक-दोन दिवसांत संपतील एवढेच दाणे भरले.

ही सफाई आता दर आठवड्याला करतो, कारण २००५ पासून ब्रिटनमधील ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या ज्या ट्रायकोमोनोसिसमुळे झपाट्याने घटली, तो रोग अस्वच्छ फीडरवरूनही पसरतो.