मालवणला स्कुबासाठी निघालेल्या सोलापूरकराने व्यावसायिकाची पारख कशी करावी

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सोलापूरच्या गाड्या सांगोला, मिरज, कोल्हापूर करत मालवण-तारकर्लीकडे धावू लागतात. सिंधुदुर्ग किल्ला, मासळीचे जेवण आणि स्कुबा, म्हणजे हवेच्या सिलिंडरच्या आधाराने पाण्याखाली उतरणे, असा बहुतेकांचा दोन दिवसांचा बेत असतो. किल्ला कोणीही दाखवला तरी तोच असतो आणि शिळी मासळी ताटात आल्याबरोबर कळते. स्कुबाचे मात्र तसे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाजवळ तुलनेला काहीच नसते, त्यामुळे मासे दिसले आणि व्हिडिओ झकास निघाला की सेवा उत्तम होती असे तो मानून चालतो. सिलिंडरमधील हवा, होडीतील माणसांची संख्या आणि प्रशिक्षकाची सावधगिरी या गोष्टी त्या व्हिडिओत येत नाहीत, आणि खरी पारख त्यांचीच करायची असते.

पारखण्याचे काम घरूनच, फोनवर सुरू करावे. दर विचारण्याची घाई करू नये. समोरचा माणूस आपल्याला काय विचारतो ते आधी पाहावे. जबाबदार व्यावसायिक प्रत्येकाचे वय विचारतो. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, गर्भधारणा आणि चालू औषधे यांची चौकशी करतो आणि दहा वर्षांखालील मुलांना सिलिंडर लावून समुद्रात नेणार नाही असे स्पष्ट सांगतो. ‘पोहता येत नसले तरी चालते’ हे उत्तर मात्र खोटे नव्हे, कारण प्रशिक्षकाने धरून नेलेल्या प्राथमिक अनुभवासाठी पोहणे येण्याची अट नसते. ‘काही प्रॉब्लेम नाही भाऊ, आजींनासुद्धा घेऊन या’ असे कोणतीही चौकशी न करता म्हणणाऱ्याकडून सावध राहावे.

एक प्रश्न मुद्दाम विचारावा: घरातील एकाला सर्दी झाली आहे, चालेल का? सर्दीमुळे नाक आणि कान यांना जोडणारी नलिका सुजते, पाण्याचा वाढता दाब कानात समतोल करता येत नाही आणि अवघ्या दोन-तीन मीटरवर कानात कळ येते. तरीही खाली ओढत नेल्यास पडदा फाटू शकतो. यावर ‘गोळी घेऊन या’ असे उत्तर आले तर तेथे आगाऊ रक्कम पाठवू नये. ‘त्यांना होडीत बसू द्या, सर्दी गेल्यावर पुन्हा या’ असे म्हणून जो आपले एक गिऱ्हाईक सोडून देतो, त्याच्याविषयी एवढ्या एका नकारातून जे कळते ते शंभर पंचतारांकित अभिप्रायांतून कळत नाही. सोलापुरातील ट्रॅव्हल एजंटामार्फत पॅकेज घेतले असेल तर हा प्रश्न एजंटाला विचारून उपयोग नाही. प्रत्यक्ष पाण्यात नेणाऱ्याचा क्रमांक मागून घ्यावा. तो क्रमांक देण्यास टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे. खवळलेल्या समुद्रामुळे डाइव्ह (पाण्याखालची बुडी) रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की पुढची तारीख, होडी व व्हिडिओचे पैसे दरातच आहेत की वेगळे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे. मालवणचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. भर पावसाळ्यात स्कुबाची हमी देणाऱ्याशी बोलणेच वाढवू नये.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिली नजर होडीकडे टाकावी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला; अपघात पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर घडला होता. प्रवासी होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो आणि तिची प्रवासी क्षमता ठरलेली असते. ती क्षमता विचारावी, डोकी मोजावीत आणि आकडा जुळत नसेल तर उतरून पुढच्या होडीची वाट पाहावी. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळून घेतले जातात की ते होडीच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडलेले असतात, हेही पाहावे. माणसे पाण्यात असताना होडीवर एक जाणता माणूस थांबतो का आणि शिडीजवळ कोणी असताना इंजिन बंद ठेवले जाते का, या दोन गोष्टी आपल्याआधी उतरलेल्या गटाकडे पाहूनच समजतात.

साहित्याची तपासणी आपल्याला जमणार नाही असे वाटते, पण एक परीक्षा कोणालाही करता येते. तोंडात धरायच्या रेग्युलेटरमधून, पाण्यात उतरण्यापूर्वी, चार-पाच वेळा सावकाश श्वास घ्यावा आणि त्याच वेळी दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे पाहावे. भरलेल्या सिलिंडरचा काटा २०० बारच्या आसपास असतो आणि श्वास घेताना तो स्थिर राहिला पाहिजे. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून पुन्हा वर येत असेल, तर बहुधा सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही, आणि खाली गेल्यावर हवा अपुरी पडू शकते. हवेला कसलाही वास नसावा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची निगा नीट राखलेली नाही किंवा त्याच्या तोंडाशी इंजिनाचा धूर येतो आहे असे समजावे. अशा हवेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो आणि त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे धुराच्या वासाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. काही ठिकाणी सिलिंडर होडीतच ठेवून लांब नळीने हवा दिली जाते. तेथे नळीपाशी कोण बसणार आणि हवा थांबली तर खाली प्रशिक्षकाकडे दुसरी सोय काय, हे विचारल्याशिवाय उतरू नये. एकाच्या तोंडातला रेग्युलेटर दुसऱ्याला देण्यापूर्वी जंतुनाशक द्रावणात बुडवला जातो का, हे पाहण्यास वेगळी विद्या लागत नाही. आणीबाणीसाठी प्राणवायूचा संच आहे का असे विचारून थांबू नये. ‘जरा उघडून दाखवता का’ असे म्हणावे. पेटीची किल्ली शोधावी लागली, तर संच असून नसल्यासारखाच.

पाण्यात उतरण्याआधीची शिकवणी किती वेळ चालली यापेक्षा तीत काय करून घेतले याला महत्त्व द्यावे. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम प्रत्येकाकडून वदवून घेतला गेला पाहिजे. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणून तेथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातील हवा दुप्पट जागा मागते. सव्वा मीटरवरूनही अशी इजा होऊ शकते, म्हणून ‘इथे पाणी उथळ आहे’ हे समाधान पुरेसे नाही. मास्कमध्ये पाणी शिरल्यास काय करायचे, हे उथळ पाण्यात प्रत्यक्ष करून घेतले पाहिजे. खुणांच्या बाबतीत आपल्याकडे एक गंमत हटकून घडते: कॅमेरा दिसला की माणूस ‘मस्त’ या अर्थाने अंगठा वर करतो, आणि पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘मला वर न्या’ असा असतो. चांगला प्रशिक्षक ही चूक किनाऱ्यावरच पकडतो आणि अंगठा व तर्जनी जुळवून केलेली ‘ठीक आहे’ ही खूण घोटवून घेतो. सूचना मराठीत मिळाव्यात आणि आरोग्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातील मजकूर समजावून मिळावा, असा आग्रह निःसंकोच धरावा.

डाइव्हिंगचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणाऱ्या पॅडीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमानुसार प्राथमिक अनुभवात कमाल खोली १२ मीटर आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे फार तर चार जण अशी मर्यादा आहे. ही वरची मर्यादा झाली. पोहता न येणाऱ्याने स्वतःसाठी स्वतंत्र माणूस मागावा, आणि त्याचा हात सिलिंडरवरून सुटणार नाही याची खात्री करून घ्यावी. माशांना पाव टाकून गोळा करणारा आणि फोटोसाठी गिऱ्हाइकाला प्रवाळावर उभे करणारा मनुष्य मला व्यक्तिशः नापसंत आहे. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालेले आहे, आणि ज्या प्रवाळाच्या जिवावर धंदा चालतो ते तुडवणारा साहित्याची काळजी घेत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

ज्यांना पुढचा अभ्यासक्रम करायचा आहे त्यांनी अधिक काटेकोर राहावे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे आणि खासगी प्रशिक्षकही आहेत. प्रशिक्षकाचा सदस्य क्रमांक मागून तो संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पॅडीच्या ‘ओपन वॉटर’ या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे आणि खुल्या पाण्यातील चार डाइव्ह येतात. त्यामुळे पोहण्याची चाचणी न घेता एका दिवसात अभ्यासक्रमाचे कार्ड देणारा केवळ कागद विकतो आहे. सहलीतील अनुभवानंतर मिळणारे रंगीत प्रमाणपत्र हा परवाना नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

परत कधी आणि कोणत्या वाटेने जाणार, हा प्रश्न व्यावसायिकाने विचारला तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. खोल पाण्यात शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि त्याआधीच उंचावर गेल्यास कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानप्रवासापूर्वी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. हाच सल्ला सुमारे ६०० मीटरहून उंच रस्त्यालाही लागू पडतो, आणि सोलापूरला परतताना आंबोली किंवा गगनबावड्याला गाडी सुमारे ७०० मीटर उंचीवर चढते. पाच-सात मीटरवरच्या छोट्या अनुभवानंतर याची चिंता नगण्य असते. पण अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी दोन खोल डाइव्ह करून त्याच रात्री घाट चढणे टाळावे आणि एक मुक्काम वाढवावा. घरी पोहोचल्यावर सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा अवाजवी थकवा जाणवला, तर डॉक्टरांना डाइव्ह केल्याचे आपणहून सांगावे आणि शेवटच्या डाइव्हची खोली व वेळही सांगावी. व्यावसायिकाने ती नोंद निघतानाच लिहून दिलेली असली पाहिजे. दिली नसेल, तर मागून घ्यावी.