मुंबईत वीज कंपनी निवडताना बिलाचा हिशोब कसा मांडावा

मुंबईच्या उपनगरांतील बऱ्याच भागांत घरगुती ग्राहकाला अदानी आणि टाटा यांपैकी कोणाकडून वीज घ्यायची हे ठरवता येते. तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसऱ्या कंपनीची, ही सोय 2009 पासून आहे. तरीही निवड बहुधा शेजाऱ्याचे बिल पाहून केली जाते आणि तिथेच चूक होते, कारण शेजाऱ्याचा वापर आपल्यासारखा नसतो.

प्रथम बिलातील रकमा वेगळ्या कराव्यात. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो. वीज आकार आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातील चढउतारानुसार बदलणारी रक्कम) युनिटांवर अवलंबून असतात. वहन आकार तारांच्या मालकाचा असल्यामुळे, तारा न बदलता कंपनी बदलली तर तुलनेत तो बाजूला ठेवता येतो. या साऱ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क लागते.

वीज आकार टप्प्यांनुसार बदलतो: 100 युनिटांपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वापर 301 युनिट झाला की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वरचा दर फक्त त्या एका युनिटाला लागतो.

आता समजण्यापुरते काही दर गृहीत धरू. 'अ' कंपनीचा स्थिर आकार 90 रुपये आणि पहिल्या तीन टप्प्यांचे दर 3, 6 व 10 रुपये. 'आ' कंपनीचा स्थिर आकार 110 रुपये आणि दर 4, 5.50 व 9 रुपये. महिना 200 युनिट वापरणाऱ्या घराला 'अ'चे 300 अधिक 600 अधिक 90, म्हणजे 990 रुपये होतात, तर 'आ'चे 1060. 500 युनिटांना मात्र 'अ'चे 3590 आणि 'आ'चे 3410 होतात. 100 युनिटांवर 'अ' 120 रुपयांनी स्वस्त असते. हा फरक दुसऱ्या टप्प्यात दर युनिटामागे 50 पैशांनी आणि तिसऱ्यात 1 रुपयाने घटत जातो, म्हणून 320 युनिटांवर दोन्ही बिले समान होतात.

एखादे घर आठ महिने 200 युनिट आणि एसी चालणारे उन्हाळ्याचे चार महिने 500 युनिट वापरत असेल, तर वार्षिक सरासरी 300 येते आणि त्या आकड्यावर 'अ' वर्षाला 240 रुपयांनी स्वस्त दिसते. महिन्यागणिक मांडले तर 'अ' आठ महिन्यांत 560 रुपये वाचवते, 'आ' चार महिन्यांत 720. म्हणजे खरी स्वस्त 'आ', 160 रुपयांनी, आणि शुल्क धरून 185 रुपये 60 पैशांनी. टप्प्यांच्या दरांत सरासरी अशी फसवते. त्यामुळे, थोडा वेळ जास्त लागला तरी, बाराही महिन्यांची युनिटे वहीत उतरवून प्रत्येक महिन्याचे बिल दोन्ही दरांनी काढावे, हेच मला योग्य वाटते.

दर मात्र दोन्ही कंपन्यांचे एकाच आर्थिक वर्षाचे घ्यावेत आणि इंधन समायोजन आकार एकाच महिन्याचा घ्यावा. घरात नवा एसी किंवा गीझर येणार असेल, तर त्याची अंदाजी युनिटे त्या त्या महिन्यात मिळवून हिशोब पुन्हा करावा.